मुंबईतील सार्वजनिक वाहनतळ

मुंबईतील सार्वजनिक वाहनतळ म्हणजे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील अशा जागा, जेथे कोणाही नागरिकाला शुल्क भरून आपले वाहन उभे करता येते. रस्त्याच्या कडेला आखलेल्या सशुल्क पट्ट्या, मोकळे भूखंड आणि बहुमजली इमारती असे त्यांचे प्रकार आहेत. बहुमजली वाहनतळांपैकी बरेचसे महापालिकेने स्वतः बांधलेले नाहीत. ते खासगी विकासकांनी बांधून महापालिकेच्या स्वाधीन केले आणि त्या बदल्यात विकासकांना जादा बांधकामाचा हक्क मिळाला. शहराच्या मध्यवर्ती भागात वाहनतळ नगरपालिकेने पुरवावेत की खासगी विकासकांनी, हा वाद जगातील बहुतेक मोठ्या शहरांत झाला आहे. मुंबईने त्यावर काढलेला तोडगा दोहोंच्या मधला आहे आणि त्याचे गुणदोष आता पुरेसे दिसू लागले आहेत.

संज्ञा

‘तळ’ हा शब्द मराठीत जुना आहे. सैन्याचा, वाटसरूंचा, बैलगाड्यांचा तळ पडत असे. पुण्याजवळच्या हडपसर येथील ‘गाडीतळ’ हे स्थळनाम आजही प्रचारात आहे. त्याच वळणाने ‘वाहनतळ’ हा शब्द रूढ झाला. बोलण्यात मात्र ‘पार्किंग’ हाच शब्द चालतो आणि महापालिकेच्या फलकांवरही ‘पे अँड पार्क’ असे देवनागरीत लिहिलेले आढळते. तळ हा मुळात तात्पुरता असतो, तो उठतो. मध्यवर्ती मुंबईतील रस्त्यांवर दिवसेंदिवस न हलणाऱ्या गाड्या पाहता या बाबतीत शब्द आणि वस्तू यांची फारकत झाली आहे, असे म्हणावे लागते.

जागेचा हिशेब

या प्रश्नाचे मूळ जागेच्या टंचाईत आहे. उभी मोटार स्वतः साधारणतः अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा अडवते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. परंतु तिला तेथवर येण्यास, वळण्यास व बाहेर पडण्यास मार्ग लागतो. तो धरला की ही जागा दुपटीच्या वर जाते. दिल्लीच्या २०२१ पर्यंतच्या बृहत् आराखड्यात एका मोटारीमागे उघड्या जागेत २३, तळमजल्यावरील छताखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर असे मान धरले आहे.

मुंबईच्या संदर्भात या आकड्यांशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणाऱ्या सदनिकेचे चटई क्षेत्र पूर्वी २६९ चौरस फूट होते. २०१८ मध्ये लागू झालेल्या नियमावलीत ते ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर झाले. एक चटई क्षेत्र आणि दुसरे मार्गासह एकूण क्षेत्र असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरीही तळघरातील एका मोटारीला लागणारी जागा आणि एका कुटुंबाचे घर एकाच मापात बसतात, एवढे त्यातून कळते. वाहनतळ कोणी पुरवावा या चर्चेत जागेची ही किंमत कोणाच्या नावावर पडते, हा खरा मुद्दा आहे. इमारतीचे बांधकाम कोणी केले हा त्यामानाने गौण आहे.

इतर देशांतील पूर्वपीठिका

मोटारींचा सुळसुळाट प्रथम अमेरिकेत झाला आणि वाहनतळाचे पहिले नियमही तेथेच झाले. ओहायो राज्यातील कोलंबस शहराने १९२३ मध्ये सदनिकांच्या नव्या इमारतींत वाहनांसाठी जागा ठेवणे बंधनकारक केले. ‘जो बांधील त्याने गाडीची सोय करावी’ हे तत्त्व पुढे अमेरिकेतील बहुतेक शहरांनी उचलले. १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे पहिले पार्किंग मीटर बसले आणि रस्त्याची कडा ही भाड्याने देण्याजोगी वस्तू आहे हे नगरपालिकांना उमगले. सॅन फ्रान्सिस्कोत १९४२ मध्ये युनियन स्क्वेअर या सार्वजनिक चौकाखाली भूमिगत वाहनतळ सुरू झाला. वर उद्यान व खाली गाड्या ही कल्पना तेथून अनेक शहरांत पोचली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप (निधन २०२५) यांनी ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या साऱ्या व्यवस्थेची झडती घेतली. विकासकावर घातलेल्या सक्तीचा खर्च विकासक सोसत नाही; तो घराच्या किमतीत, दुकानाच्या भाड्यात आणि वस्तूंच्या दरात मिसळतो. ज्याच्याकडे मोटार नाही असा ग्राहकही तो भरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सक्ती काढावी, रस्त्याच्या कडेला मागणीनुसार दर लावावा आणि त्याचे उत्पन्न त्याच वस्तीवर खर्च करावे, असे तीन उपाय त्यांनी सुचवले. लंडनने २००४ मध्ये किमान वाहनतळाची अट काढून कमाल मर्यादा घातली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान अट शहरभर रद्द केली.

खासगी भागीदारीचे दोन अमेरिकी दाखले वारंवार दिले जातात आणि ते परस्परविरुद्ध आहेत. बॉस्टनच्या पोस्ट ऑफिस स्क्वेअर येथे नगरपालिकेने १९५० च्या दशकात दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेला एक बहुमजली वाहनतळ उभा होता. परिसरातील नागरिक व व्यावसायिक यांच्या संस्थेने तो पाडून जमिनीखाली सात मजली, १,४०० गाड्यांचा वाहनतळ बांधला. त्यावरचे उद्यान १९९२ मध्ये खुले झाले आणि वाहनतळाच्या उत्पन्नातून ते राखले जाते. शिकागोची गोष्ट उलट आहे. तेथील नगरपरिषदेने डिसेंबर २००८ मध्ये रस्त्यांवरील सुमारे ३६,००० मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिले आणि त्यापोटी सुमारे १ अब्ज १५ कोटी डॉलर एकरकमी घेतले. प्रस्ताव मांडल्यापासून मंजुरीपर्यंत जेमतेम दोन-तीन दिवस गेले. शहराच्या महानिरीक्षकांनी पुढच्याच वर्षी दिलेल्या अहवालात ही रक्कम रास्त मूल्यापेक्षा सुमारे ९७ कोटी डॉलरनी कमी असल्याचा निष्कर्ष काढला. करारानुसार मिरवणुकीसाठी वा दुरुस्तीसाठी रस्ता ठरावीक प्रमाणापलीकडे बंद ठेवला, तर शहरालाच कंपनीची भरपाई करावी लागते. आपल्याच रस्त्याचे भाडे आपणच भरण्याची पाळी त्या शहरावर आली.

मुंबईतील नियम ३३ (१८)

बृहन्मुंबईची विकास नियंत्रण नियमावली १९९१ मध्ये लागू झाली. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारा चटई क्षेत्र निर्देशांक हा तिचा कणा होय. वृत्तपत्रांत तो एफएसआय या आद्याक्षरांनी परिचित आहे. बेट शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईत, हा निर्देशांक १.३३ आणि उपनगरांत १ होता. इतक्या तुटपुंज्या हक्कामुळे जादा निर्देशांक हेच शहराचे चलन बनले. जुन्या उपकरप्राप्त इमारतींची पुनर्बांधणी, झोपडपट्टी पुनर्वसन, रुग्णालये, शाळा अशा प्रत्येक लोकोपयोगी कामासाठी नियम ३३ च्या पोटात एकेक उपनियम आला आणि प्रत्येकात मोबदला म्हणून जादा निर्देशांक देऊ करण्यात आला. सार्वजनिक वाहनतळाचा उपनियम (१८) हा त्यांपैकीच एक असून २००८ मध्ये त्याला व्यापक रूप देण्यात आले.

त्याची रचना थोडक्यात अशी आहे. आरक्षण नसलेल्या खासगी भूखंडावर विकासक आपल्या प्रकल्पाबरोबर सार्वजनिक वाहनतळ बांधतो आणि पूर्ण झाल्यावर तो महापालिकेला विनामूल्य देतो. बांधलेल्या वाहनतळाच्या क्षेत्राच्या निम्मे क्षेत्र त्याला त्याच भूखंडावर जादा विक्रीयोग्य बांधकामासाठी मिळते. हा लाभ धरून एकूण निर्देशांक ४ च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आहे. जादा बांधकामाचे मूल्य काढून त्यातून वाहनतळाचा व त्या जादा बांधकामाचा खर्च वजा करतात आणि उरलेल्या रकमेच्या ६० टक्के अधिमूल्य विकासकाने भरावे, असे सूत्र आहे. २०१८ च्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही या उपनियमाला स्थान आहे.

व्यवहार समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विकासकाने १०,००० चौरस मीटरचा वाहनतळ बांधला. एका गाडीमागे ३० चौरस मीटर धरल्यास तेथे सुमारे ३३० गाड्या राहतील. मोबदल्यात त्याला ५,००० चौरस मीटर जादा बांधकाम मिळेल. लोअर परळ किंवा वरळीसारख्या ठिकाणी या ५,००० चौरस मीटरची विक्री किंमत वाहनतळाच्या बांधकामखर्चाच्या कितीतरी पट असते. त्यामुळे ही योजना जेथे जमीन महाग तेथेच विकासकांना आकर्षक वाटली. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या मोठ्या भूखंडांवर, विशेषतः सेनापती बापट मार्गाच्या परिसरात उभ्या राहिलेल्या संकुलांत, असे वाहनतळ आले यात नवल नाही. जेथे जागेची निकड सर्वांत तीव्र आहे ते काळबादेवी, भुलेश्वर, मशीद बंदर हे जुने बाजार बारीक भूखंडांचे, भाडेकरूंनी भरलेले आणि गल्लीबोळांचे आहेत. तेथे या नियमाचा हात सहसा पोचत नाही.

या योजनेवरील टीकेचा गाभा असा की, महापालिकेच्या तिजोरीतून पैसा गेला नाही म्हणून वाहनतळ फुकट मिळाला, असा आभास निर्माण होतो. वस्तुतः जादा निर्देशांक ही सार्वजनिक मालमत्ताच आहे. वाढीव बांधकामाला पाणी, मलनिस्सारण, अग्निशमन आणि रस्ते लागतात व ते पुरवण्याचा भार शहरावर पडतो. शिवाय जादा बांधकामात येणारी कार्यालये व सदनिका स्वतःच्या गाड्या घेऊन येतात. रस्ता मोकळा व्हावा म्हणून दिलेल्या सवलतीने त्याच रस्त्यावर नवी वर्दळ आणावी, ही या नियमातील मूळची विसंगती होय आणि ती अधिमूल्याच्या सूत्राने दूर होत नाही. विकासकांच्या बाजूने मांडले जाणारे उत्तरही ऐकून घेण्याजोगे आहे. महापालिकेने असा भूखंड बाजारभावाने विकत घेतला असता तर एकही वाहनतळ परवडला नसता, असे ते म्हणतात. जमीन संपादनाचे दर आणि त्यातील दिरंगाई पाहता यात तथ्य आहे.

वापराचा अनुभव

वाहनतळ उभे राहिले तरी ते भरतातच असे नाही, हे मुंबईत लवकरच दिसून आले. अनेक ठिकाणी आतले मजले रिकामे आणि बाहेरच्या रस्त्यावर दुहेरी रांग, असे दृश्य होते. कारणे साधी आहेत. आत जायचे तर उतरंडीवरून चार-पाच मजले चढावे लागतात, गाडी ठेवून परत चालत यावे लागते आणि पैसे मोजावे लागतात. रस्त्यावर गाडी दारात लागते आणि दंड झाला तरच खर्च येतो. फुकटाशी स्पर्धा करणे कोणत्याही वाहनतळाला जमत नाही, मग तो सरकारी असो वा खासगी.

यावर उपाय म्हणून महापालिकेने ७ जुलै २०१९ पासून निवडक सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिघातील रस्त्यांवर बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांना जबर दंड लावला. दुचाकीला किमान ५,००० रुपये आणि अवजड वाहनांना २३,००० रुपयांच्या घरात असे त्याचे प्रमाण होते. बेस्टच्या काही आगारांतही खासगी वाहनांना सशुल्क प्रवेश देण्यात आला. दंड इतका मोठा की दंड भरण्यापेक्षा जुनी दुचाकी सोडून देणे स्वस्त, अशी तक्रार तेव्हा ऐकू येत असे. पिशवी हातात घेऊन औषधाच्या दुकानापुरता थांबणारा आणि महिनाभर गाडी न हलवणारा हे दोघे या नियमाला सारखेच होते. काही वस्त्यांत रहिवाशांना रात्रीपुरती सवलतीची सोय मिळावी, ही मागणी त्यातूनच पुढे आली.

महापालिकेने स्वतः केलेली सोय

रस्त्याकडेची सशुल्क पट्टी ही महापालिकेची सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त सोय. ती बहुधा कंत्राटाने चालवली जाते. काही कंत्राटे महिला बचतगटांसाठी राखून ठेवण्याचा प्रयोगही झाला. पावतीपेक्षा अधिक पैसे मागणे, पावतीच न देणे अशा तक्रारी या पद्धतीला कायमच्या चिकटल्या आहेत. भुलाभाई देसाई मार्गावर २०२१ मध्ये २४० गाड्यांचा यांत्रिक बहुमजली वाहनतळ सुरू झाला. अशा वाहनतळात चालक खालीच उतरतो आणि यंत्र गाडी वर नेऊन ठेवते. उतरंड व वळणमार्ग लागत नसल्याने जागा निम्म्याने वाचते. मात्र देखभाल अखंड लागते आणि गर्दीच्या वेळी यंत्रापाशी रांग लागते.

स्वतःच बांधायचे म्हटले की महापालिकेकडे मोकळी जमीन म्हणजे मैदाने आणि उद्याने. वांद्रे येथील रावसाहेब पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळ करण्याच्या प्रस्तावाला रहिवाशांनी तीव्र विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. छतावर माती टाकून पुन्हा बाग करता येते, हे बॉस्टनमध्ये खरे ठरले आहे. पण जुन्या वृक्षांची मुळे आणि मुंबईचा पाऊस जिरण्यासाठी लागणारी जमीन छतावरच्या मातीने भरून निघत नाही, हा रहिवाशांचा आक्षेप खोडून काढणे सोपे नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा आधीच अत्यल्प आहे.

इमारतींच्या आवारातील जागा: पांचाली प्रकरण

विकासकाने पुरवलेली जागा कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबईतूनच गेला. दहिसर पूर्व येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीतील खांबांमधली वाहनाची जागा सदनिकेपासून वेगळी विकण्याचा आपल्याला हक्क आहे, असा विकासकाचा दावा होता. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने तो फेटाळला. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ च्या अर्थाने खांबांमधली जागा ‘गॅरेज’ ठरत नाही. ती आणि आवारातील उघडी जागा सामाईक सोयींत मोडते आणि तिचे नियमन संस्था करील, असा हा निर्णय आहे. नियमाने बंधनकारक केलेली जागा विकासकाने पुरवायची, पण तिचा व्यापार करायचा नाही, ही रेषा त्यामुळे स्पष्ट झाली. तिचा खर्च सदनिकेच्या दरात मिसळायला अर्थातच कोणाची हरकत नव्हती. शूप यांनी अमेरिकेबद्दल जे लिहिले त्याचा मुंबईतील नमुना हाच.

वादातील भूमिका

नगरपालिकेने वाहनतळ बांधावेत असे म्हणणाऱ्यांचा आधार नियोजन हा आहे. कोणत्या बाजाराला, कोणत्या स्थानकाला किती जागा हवी हे ठरवण्याचा अधिकार व जबाबदारी तिची, आणि दर सर्वांना परवडतील असे ठेवणेही तिच्याच हाती. याविरुद्ध असे विचारले जाते की, बहुसंख्य मुंबईकर लोकल, बस आणि पाय यांवर विसंबून असताना सर्वांच्या करातून मोटारवाल्यांची सोय का करावी? बसथांब्यावर छप्पर नसलेल्या शहरात वाहनतळाला छप्पर कशासाठी, हा प्रश्न कठोर वाटला तरी गैरलागू नाही. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने (२००६) वाहनांपेक्षा माणसांना प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे आणि वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मूल्याशी सुसंगत असावे, हाही त्याचा रोख आहे.

खासगी व्यवसाय म्हणून, कोणतीही सवलत न घेता कोणी वाहनतळ चालवावा, हा तिसरा मार्ग मुंबईत क्वचितच दिसतो. त्याला जमिनीच्या किमतीइतकेच रस्त्यावरील स्वस्त अथवा फुकट जागेचेही कारण आहे. शेजारी फुकट धान्य वाटले जात असेल तर दुकान कोण थाटेल? म्हणून रस्त्याच्या कडेचा दर आणि त्याची अंमलबजावणी हे काम महापालिका व वाहतूक पोलीस यांनाच करावे लागते. ते झाल्याशिवाय वाहनतळ कोणीही बांधला तरी तो ओस पडण्याचा धोका राहतो. मुंबईच्या अनुभवातून निघणारा हा निष्कर्ष इतर शहरांनाही लागू पडण्यासारखा आहे. पुण्यात मंडई परिसरात महापालिकेचे बहुमजली वाहनतळ फार पूर्वीपासून आहेत. मात्र रस्त्यांवर शुल्क लावण्याचे धोरण २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेत आले तेव्हा राजकीय पक्ष आणि नागरिक यांच्या विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांपुरते आवळावे लागले.

वाहन नोंदणीशी सांगड

वाहन ठेवण्याची जागा असल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होऊ नये, असा विचार महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवला. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. राहत्या ठिकाणापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचे तेथे पोलिसांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते आणि रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवण्यास मनाई आहे. त्यामुळे जागेचा भार नगरपालिकेवर किंवा विकासकावर न पडता मोटारमालकावर पडतो, आणि छोट्या भूखंडांवर खासगी वाहनतळ चालवणे तेथे परवडते. मुंबईत गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळी मोटारींच्या आधीच्या काळातील आहेत. त्यांच्या आवारात गाडीला जागा नाही आणि भाडेकरूंच्या नावावर जमीनही नाही. नव्या मनोऱ्यात प्रत्येक सदनिकेमागे जागा बांधून मिळते. असा नियम झाल्यास चाळीतील कुटुंबाला गाडीसाठी जवळच्या सार्वजनिक वाहनतळात मासिक भाड्याने जागा घ्यावी लागेल, आणि नियम ३३ (१८) खाली उभ्या राहिलेल्या इमारतींच्या रिकाम्या मजल्यांना बहुधा तेव्हाच पहिल्यांदा नियमित गिऱ्हाईक मिळेल.